पुंडलिककाकांचा हबका

वाळूजमधल्या पिशव्यांच्या कारखान्यात मिक्सर चालवणारे पुंडलिककाका म्हणजे भारी तोऱ्याचा माणूस. बिडकीनहून दुचाकीवर यायचे आणि काही बिघडलं की प्लॅस्टिकच्या दाण्यांपासून हवेपर्यंत सगळ्यांना बोल लावायचे. स्वतःची चूक बावीस वर्षांत एकदाही कबूल केली नव्हती.

यंदा तनुजा नावाची रसायनशास्त्र शिकलेली मुलगी रुजू झाली. तिनं मक्यापासून बनलेलं, कुजून मातीत मिसळणारं प्लॅस्टिक आणलं. ते एकटं तडकायचं, म्हणून त्यात दुसरं मऊ, कुजणारंच प्लॅस्टिक मिसळायचं आणि ताकदीसाठी नॅनो-माती, म्हणजे चिकणमातीची अतिशय बारीक पूड. कागदावर सगळं झकास होतं. पण ज्यातून पिशव्या कापायच्या तो मशीनमधून वर चढणारा पातळ प्लॅस्टिकचा फुगा दोनदा भोकं पडून फुटला. मालक नानासाहेबांनी सांगून टाकलं, शनिवारी तिसऱ्यांदा फुटला तर हा नाद बंद, पुन्हा नेहमीचं प्लॅस्टिक.

तनुजा रडकुंडीला आली. अशी भोकं ओलीमुळेच पडतात, हे तिला ठाऊक होतं. दाणे वाळवले, पूड वाळवली, तरी ओल येते कुठून? शनिवारी सकाळी ती मिक्सरपाशीच उभी राहिली. पूड ओतण्याआधी काकांनी तांब्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि अंगण झाडताना मारतात तसा त्या पुडीवर हबका मारला.

"काका, हे दरवेळी करता?"

"मग! लई उडती ती. नाकातोंडात जाती."

तिनं समजावलं, मशीनच्या उष्णतेनं त्या पाण्याची वाफ होते, फुग्याला भोकं पाडते आणि मक्याचं प्लॅस्टिक आतून कमजोर करते. काकांचा चेहरा पार उतरला. थोड्या वेळानं त्यांनीच चाचरत सुचवलं की साठवणीच्या गव्हाला एरंडेल चोळतात, तसं दाण्यांना तेलाचं बोट लावलं तर पूड चिकटून बसेल. तनुजाला ते पटलं. ओला माल बाजूला ठेवून तिनं नवा भरला.

फुगा छताकडे चढला आणि टिकला. नानासाहेबांनी पिशवीत पाच किलो ज्वारी भरून हिसके दिले, तरी फाटली नाही. मग आधी काय बिघडलं होतं, असं त्यांनी विचारलं. तनुजा म्हणाली, मालात ओल राहिली होती. तिनं काकांचं नाव घेतलं नाही, हेच त्यांना सहन होईना.

"राहिली नव्हती, साहेब. म्याच पाणी मारलं व्हतं."

"आणि पाण्याऐवजी दाण्यांना तेल लावायची युक्तीही काकांचीच," तनुजा लगेच म्हणाली. नानासाहेबांनी स्वतःच्या शेजारची खुर्ची पुढं ओढली.

"बसा, पुंडलिकराव. तेल किती लावलं ते सांगा."