रानदवण्याची उशी

माझा नवरा झानुझाक स्टेशनात गाड्यांची घोषणा करतो. "सेमेयला जाणारी गाडी" एवढं म्हणून तो थांबला की फलाटावरची माणसंही थांबतात, आणि मग भोंग्यातून शिंकांवर शिंका. यंदा किती, यावर चहावाली पैजा लावते. हसं मात्र माझं होतं.

ऑगस्टात माळावर रानदवणा फुलला की आमचं निम्मं गाव शिंकतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. थंडी पडली की सगळे थांबतात. हा दोन वर्षं भर डिसेंबरातही शिंकतोय, आणि त्याला कारण त्याच्या आईची उशी. सासूबाईंचं नाव मी घेणार नाही, आमच्यात सून घेत नाही. वारण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या गावच्या माळावरचा रानदवणा फुलांसकट वाळवून उशीत भरला आणि ती लेकाला दिली. गाव सोडून गेलेल्याला माळाचा वास द्यायची रीतच आहे. पण ज्याला त्याच फुलाचं वावडं, त्याच्या नाकाखाली?

या हिवाळ्यात शिंका छातीत उतरल्या. जिना चढताना त्याला धाप लागायची. साहेबांनी बजावलं, मार्चातल्या नौरूजच्या सणापर्यंत बरा झाला नाहीस तर माइक दुसऱ्याला देऊ. डॉक्टर सलतानातबाई म्हणाल्या, उशी फेका. हा म्हणाला, नाही फेकणार. मी भांडले, अबोला धरला, भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

शेवटी जानेवारीत, तो कामावर असताना, मी उशी उसवली. अभ्रा उकळून धुतला, आत मेंढीची लोकर भरली, टाके जसेच्या तसे घातले. संध्याकाळी त्याने उशीवर डोकं टेकलं आणि अकरा शिंका दिल्या. महिनाभर हेच. धुतलेल्या लोकरीवर शिंकणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. लोकरीचंही वावडं असेल म्हणून सुईने तपासणी करून घेतली. तसलं काही निघालं नाही.

मी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं.

"त्याच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांनी रानदवण्याला चोर ठरवलंय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं ते रोज नाकातल्या नसांना ओरडून उठवत होते. आता त्या नसा इतक्या हुळहुळ्या झाल्यात की नुसती उशी दिसली तरी मेंदू म्हणतो, आला चोर. आणि उठलेल्या नसा पुन्हा पहारेकऱ्यांना चेतवतात. अगं कामशात, नाटक नाही करत तो. औषध चालू ठेव, आणि ती उशी नजरेआड कर."

म्हणजे आता त्याला सांगणं आलं. जेवताना सांगून टाकलं. त्याने चहाचा वाडगा खाली ठेवला.

"मग महिनाभर मी कशावर डोकं ठेवत होतो?"

"तुझ्या मामाच्या मेंढीवर."

तो हसला नाही. "आणि आईचा दवणा? फेकलास?"

फेकायलाच हवा होता. पण कचऱ्यापर्यंत नेऊन मी परत आणला होता. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून गॅलरीतल्या कपाटात मागे ठेवला होता. बरणी आणून दाखवली. झाकण बंद होतं, तरी त्याला सात शिंका आल्या. नाक पुसून झालं तरी तो डोळे पुसतच राहिला. मग स्वतः टाके उसवून उशीचा अभ्रा माझ्या हातात दिला.

"तू सांभाळ," तो म्हणाला. "तुला शिंका येत नाहीत."

नौरूजच्या आधी धाप थांबली, शिंका चार-दोनवर आल्या, माइक त्याच्याकडेच राहिला. चहावाली नाराज आहे.

पण माझ्यामागे नवीन काम लागलंय. रोज तो कामाला गेला की मी गॅलरीत जाते, दार लावून घेते, झाकण उघडते आणि वास घेते. सासूबाईंशी माझं एक दिवसही पटलं नाही. जेवताना तो मान खाली घालून विचारतो, "वास येतो अजून?"

"येतो," मी म्हणते, आणि त्याला भाकर वाढते.