दारावरची तलवार

दंगलीनंतर भिवंडीत एका लूम कारखान्याच्या माडीवर फ्रीमेसन या गुप्त रिवाजांच्या बंधुसंघाची पहिली बैठक होती. हिंदू-मुसलमान भाऊ म्हणून एकत्र बसणार, म्हणून मीही सदस्यत्वाची दीक्षा घ्यायला निघालो. दीक्षेला पँटचा एक पाय दुमडतात, एवढं ऐकलेलं. मी बेलबॉटम घरूनच दुमडली आणि अख्ख्या बाजारातून तसाच गेलो.

दारात एक म्हातारा नंगी तलवार घेऊन उभा. मी जिन्यावरून उलटा पळालो.

वरून म्हातारा ओरडला, “ओ भाऊ, ही निस्ती रिवाजाची हाय. आन् पाय आत गेल्यावर दुमडायचा.”

मला माझंच हसू फुटलं. तोही हसला. मग तलवार भिंतीला टेकवून खाली आला नि म्हणाला, “हिला बघून मघाशी दोघं पळाले, ते परत आलेच न्हाईत. तलवारीपुढं हसणारे तुम्ही पहिले. आता बैठक भरंल.”

आणि हाताला धरून त्यानं मला दारापर्यंत नेलं, पँट दुमडलेलीच.