‘अज्ञात’ला नकार देणाऱ्या आपा

डॉ. नुसरत आपांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या एका रिकाम्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी कन्नड तालुक्यातल्या गावाहून विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज घेऊन आले होते. कार्यालय सापडेना, म्हणून कलादालनात डोकावले आणि विचारले, “मॅडम, ऑफिस कुठंय?” त्यांनी मान न वळवता शेजारच्या स्टुलाकडे हात केला. “बस जरा. या भिंतीवर काय लावावं, बघून सांग.” मी बसले. दुपारचे ऊन झरोक्यातून उतरून भिंतीवर हळूहळू सरकत होते. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, “काहीच नका लावू. ऊनच छान दिसतंय.” त्या मोठ्याने हसल्या. “ऑफिस उजव्या हाताला आहे. अर्ज भर. आणि मॅडम नको, आपा म्हण.”

त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात आपांच्या अध्यापनाविषयी, त्यांनी भंगारात जाण्यापासून वाचवलेल्या वस्तूंविषयी जाणकार लिहितीलच. निवृत्तीनंतर त्या विभागात शिकवायला येत असत, त्या काळात मी त्यांच्या मार्गदर्शनाखाली क्युरेटरशिपचा प्रबंध लिहिला. माझा अधिकार तेवढाच. क्युरेटरशिप म्हणजे काय, हे घरी सांगताना माझी पंचाईत व्हायची. चित्रे निवडायची, जपायची, लोकांपुढे नीट मांडायची, असे मी सांगितले तेव्हा आई म्हणाली, “मंजी राखणच की! मेंढरं काय अन् चितरं काय.” आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्याच राखल्या गेल्या. मी हे आपांना सांगितले तर त्या म्हणाल्या, “आईला सांग, मेंढरं निदान हाकेला येतात.”

विषय निवडायची वेळ आली तेव्हा सगळे वेरूळ-अजिंठ्याकडे धावले. मी छावणीतल्या, म्हणजे शहरातल्या लष्करी वस्तीतल्या, एका जुन्या फोटो स्टुडिओचे पडदे निवडले. फोटो काढताना माणसांच्या मागे सोडायचे ते रंगवलेले कापडी पडदे. वर्गात हशा पिकला. आपा मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर छावणीत आल्या. स्टुडिओचे मालक भास्करकाका माडीवर घेऊन गेले आणि त्यांनी एक गुंडाळी सोडली. धूळ उडाली, आणि धुळीतून एक तळे उघडले. निळे, शांत तळे. काठावर संगमरवरी पायऱ्या, दोन हंस, पलीकडे एक घर, त्याच्या एकाच खिडकीत दिवा, आणि वर भरदिवसा उगवलेला चंद्र. टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या मुलखातल्या माणसांनी या तळ्याकाठी लग्नाचे फोटो काढले होते, पोरांची जावळे काढल्यावर फोटो काढले होते, पलटणीत निघालेल्या जवानांनी जाण्याआधी इथे उभे राहून घरच्यांसाठी एक तसबीर मागे ठेवली होती. आपा चप्पल काढून पडद्यापुढे उभ्या राहिल्या. पाण्याचा गारवा लागल्यासारखे मला झाले होते, हे आज लिहायला संकोच वाटत नाही.

प्रबंध चांगला चालला होता. मी पुंडलिकनगरात एका खोलीत राहत होते. दिवसभर टिपणे, संध्याकाळी आपांच्या घरी चहा. रमजानमध्ये त्यांचा रोजा असायचा, तरी माझ्यासाठी त्या स्वतः चहा टाकायच्या. मी नको म्हटले की म्हणायच्या, “रोजा माझा आहे. तुझा कशाला?” माझ्या मराठी वाक्यांवर त्या माझ्याहून जास्त घाम गाळत. एखादा जड शब्द आला की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, “नक्को गं. हे दगड कोण उचलणार?”

मग तो शब्द आला. प्रबंधाबरोबर या पडद्यांचे प्रदर्शनही भरवायचे होते; त्यात प्रत्येक पडद्याखाली लावायच्या पाट्यांचा मजकूर मी लिहून नेला होता. प्रत्येक पाटीवर, जगातल्या सगळ्या संग्रहालयांत असते तशी, एक ओळ होती. चित्रकार: अज्ञात.

“हे अज्ञात कोण?” आपांनी विचारले.

“म्हणजे माहीत नाही, आपा.”

“कुणाला माहीत नाही? त्याच्या आईला? ती काय अज्ञात म्हणून हाक मारायची?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. “ही ओळ आहे तोवर माझी सही नाही,” असे म्हणून त्यांनी कागद परत दिले.

सही नाही म्हणजे प्रबंध दाखल होणार नाही, आणि दाखल झाला नाही तर वर्ष जाणार. ते वर्ष गेले असते तर घरचे मला पुन्हा शहरात पाठवणार नव्हते. स्थळे येतच होती. मला इतका राग आला की क्रांती चौकापर्यंत मी पायी चालत गेले आणि रिक्षावाल्यांवर उगाच खेकसले. माझे काय चुकले होते? सगळी पुस्तके तसेच लिहितात. खरे सांगायचे तर मला आजही अर्धे तसेच वाटते.

पण हट्टाला हट्ट. मी छावणीत जाऊन विचारू लागले. भास्करकाका म्हणाले, “लई जुनी गोष्ट झाली, पोरी. वडलांच्या येळची. सायकलीवर कोणी पेंटर यायचा. चहा लई प्यायचा, येवढंच ध्यानात हाय.” पुढे कोणी कोणाकडे पाठवी, तो आणखी कोणाकडे. बाजारात, बंगल्यांच्या मागच्या गल्ल्यांत, मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांपाशी. सगळ्यांना तळे आठवत होते. कोणी म्हणे हंस तीन होते, कोणी म्हणे त्या खिडकीत एक बाई बसायची. तिथे बाई नव्हतीच. उन्हात फिरता फिरता मलाही ती दिसू लागली. नाव मात्र कोणालाच आठवत नव्हते.

मुदत संपत आली तेव्हा मी आपांकडे गेले आणि दारातच रडले. “नाही सापडलं, आपा.”

“सापडलं नाही ना? मग तसं लिही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “अज्ञात लिहिलं की गोष्ट संपली. कुणी विचारलंच नाही तरी चालतं. सापडलं नाही, यात कुणीतरी शोधायला गेलेलं असतं, बेटा.”

मी डोळे पुसून तिथेच लिहिले: चित्रकाराचा तपास चालू आहे. आपांनी वाचले आणि त्यांना हसू आवरेना. “अगं, त्यानं चोरी केली काय?” शेवटी आम्ही दोघींनी मिळून ओळ केली: चित्रकाराचे नाव आम्ही विचारत आहोत. आपल्याला ठाऊक असल्यास सांगावे. त्यांनी सही केली, आणि मग चहा टाकायला उठल्या.

प्रदर्शनात तळ्याच्या पडद्यापुढे मी दोरी बांधली होती. आपांनी ती सोडली आणि तिथे एक स्टूल ठेवले. “या चित्राकडं लोक पाठ करून उभे राहायचे. त्यांना तसंच उभं राहू दे.” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाटी वाचून कपाळाला आठ्या घातल्या; ही भाषा शास्त्रीय नाही म्हणाले. आपा अदबीने म्हणाल्या, “साहेब, आपल्याला ठाऊक असल्यास आपणच सांगावं.” परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्या पाटीकडे वळले.

मी उत्तीर्ण झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोक बोलू लागले. छावणीतल्या एक आजी पडद्याला हात लावून म्हणाल्या, “ये तो हमारे मामू के हात का काम है. देखो ना, पानी कैसा डाले!” मागून एक पागोटेवाले बाबा, “नाय नाय, त्यो जालन्याचा व्हता, मी सोता पाहिलाय त्येला.” दोघांची चांगलीच जुंपली. आपा मध्ये न पडता स्टुलावर बसून ऐकत होत्या. इतक्या सुखी मी त्यांना क्वचितच पाहिले आहे. माझी आई आली ती सरळ तळ्यापुढे जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “काढ फोटू.” मी काढला.

आज मी एका संग्रहालयात काम करते. आमच्याकडे अज्ञात हा शब्द कुठल्याही पाटीवर नाही. वरिष्ठ वैतागतात, मी ऐकत नाही. त्या पडद्यासाठी आजवर पुष्कळ नावे आली आणि एकही टिकले नाही. आपांचा फोन येतो. तब्येतीचे विचारले तर उडवून लावतात आणि आपलाच प्रश्न विचारतात, “मिळालं का गं नाव?” मी म्हणते, “नाही, आपा.” “हौ,” त्या म्हणतात, “विचारत राहा. मला ऐकायचंय.”

आपा, निरोगी आणि उदंड आयुष्याच्या शुभेच्छा तुम्हाला सगळेच देतील, आणि त्या सगळ्यांच्या सुरात माझा सूर आहेच. पण माझे मागणे थोडे स्वार्थी आहे. नाव अजून मिळालेले नाही, आणि ते ऐकल्याशिवाय तुम्हाला कुठेही जायची मोकळीक नाही. मी विचारते आहे. फक्त अलीकडे फार सावकाश विचारते.