त्याऐवजी

भोपाळात कंप्युटरची भाषा वाचणारा चहावाला एकच, तो म्हणजे मी! म्हणजे पिवळी ओळ आणि लाल ओळ यातला फरक कळतो. इंग्रजी कळत नाही. आठवीतच शाळेनं माझ्यापुढे हात टेकले. पण शिवाजी नगरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात बावीस वर्षं चहा दिला की किस्से साठतातच, पांडेच्या स्क्रीनवरच्या पिवळ्या ओळींसारखे.

पांडे आमचा प्रोग्रामर. त्याला विचारलं, "ही पिवळी काय म्हणते रे?"

त्याचं लिखाण तपासणारा तो कंपायलर म्हणे असं बोलतो: ही पद्धत जुनी झाली, अजून चालेल, पुढच्या आवृत्तीत काढून टाकू, त्याऐवजी अमुक वापरा.

"काढणार कधी?"

"सात साल से यही बोल रहा है, काका!"

इतकं गोड बोलणाऱ्याचा मला तेव्हाच संशय आला.

*

तेच वाक्य पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मी पांडेच्या स्कूटरला चिकटवलं. 'जुनी झाली. अजून चालेल. पुढच्या वर्षी काढून टाकू. त्याऐवजी नवी घ्या.' घरी त्याच्या बायकोनं वाचलं.

दुसऱ्या दिवशी पांडे म्हणतो, "घर में सबको नई स्कूटर मंज़ूर है, काका. बस मुझसे किसी ने पूछा नहीं!"

*

मग पांडेनं पिवळ्या ओळी दिसूच नयेत अशी सेटिंग केली. स्क्रीन चकाचक!

"कचरा गादीखाली सारलास," मी म्हटलं.

"आप चाय देखो, काका."

एका सोमवारी नवी आवृत्ती आली. जुनं खरंच काढलं होतं. सगळं लाल, प्रोग्राम बंद! पांडेला सहा चहा लागले. मी पोट धरून हसलो. घरी जाताना मात्र धास्ती बसली: हा कंपायलर बोलतो तसं करतोही!

*

कारण त्याच आठवड्यात ऑफिसात कॉफीचं मशीन आलं. "ट्रायल आहे," केळकर मॅडम म्हणाल्या. या आमच्या मालकीणबाई, इंदूरच्या, हसताना कुणी पाहिलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर पिवळी चिठ्ठी! 'हे काका जुने झाले. अजून चालतात. पुढच्या वर्षी काढून टाकू. त्याऐवजी' आणि पुढे कोरं.

मला भिंतींचासुद्धा संशय! एक कागद फिरवला: ज्याला चहा जसा हवा, तसं त्यानं स्वतः लिहायचं. पांडेचं अक्षर जुळेना. कुणाचंच जुळेना. शेवटी मॅडमच्या केबिनात गेलो. त्यांनी लिहिलं, 'आलं जास्त.' तेच अक्षर!

चिठ्ठी समोर ठेवली. "काढायचंच असेल तर सरळ सांगा, मॅडम. आणि 'त्याऐवजी'च्या पुढे कोरं का ठेवलंत?"

मॅडमनी चष्मा काढला. "काका, तुमच्याऐवजी तिथं लिहायला काही सापडलं असतं, तर चिठ्ठी कशाला लिहिली असती?"