काशीनं धाडलेला मऊभात

भागोजी मुंबईहून शिमग्याला आला तेव्हा त्यानं हॉटपॉट आणला. बाहेरून नारिंगी प्लॅस्टिक, आत स्टीलचं भांडं, वर घट्ट बसणारं झाकण. देवरुखाच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत असली वस्तू पहिल्यांदाच आली होती. बायका आत हात घालून बघायच्या आणि भागोजी छाती काढून सांगायचा, "सकाळचं रातीला गरम!"

त्याची बायको काशी. चूल तिची, त्यामुळे भांड्याची खोडही तिलाच कळली. आधी कढत पाणी घालून ठेवायचं, ते ओतून टाकायचं आणि चुलीवरून उतरल्या उतरल्या भात काठोकाठ भरायचा. मग दुपारपर्यंत वाफ टिकायची. पण एकदा झाकण उघडून अर्धं वाढलं की उरलेलं ना गरम ना गार, नुसतं कोमट राहायचं. असाच एकदा ठेवलेला भात संध्याकाळी बुळबुळीत झाला. काशीनं तो उकिरड्यावर ओतला आणि पुन्हा तसं केलं नाही.

त्याच वैशाखात सासू जनी बांधावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला रत्नागिरीत एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. सोबतीला धाकटा मुलगा धाकू राहिला. जनी तोंडाची तिखट. जन्मभर सुनेला धड बोलली नव्हती, पण जेवायला तिला काशीच्याच हातचं लागायचं. मग काशी पहाटे उठून मुगाची डाळ घातलेला मऊभात शिजवायची, हॉटपॉट फडक्यात बांधून पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. धाकू तो स्टँडवर उतरवून घ्यायचा. रिकामा हॉटपॉट संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा.

पहिल्याच दिवशी तिनं धाकूला बजावलं होतं, "भावजी, आल्याबरोबर आईंना भरवा. उरलं तर टाकून द्या. रातीला खानावळीतनं ताजी पेज आणा."

"व्हय गो वयनी, मी काय ल्हान हाय?" धाकू म्हणाला होता.

एके दिवशी रिकामं भांडं परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती स्वतःच गेली. जनीला ओकाऱ्या आणि ढाळ लागले होते, डोळे खोल गेले होते. खाटेखाली हॉटपॉट होता. काशीनं झाकण उघडलं. तळाशी मूठभर भात, तार सुटलेला, आंबूस. दवाखान्यातली आया गोदाबाई तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "दुपारी चार घास भरवलान नि झाकण लावून गेला शिणेमाला. राती तोच घातलान. म्हातारी म्हणत व्हती, आंबट लागतोय रे. तर म्हणतो कसा, खा, कोमट हाय अजून."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण जनीच्या अंगात ताकदच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी, भागोजी मुंबईहून दवाखान्यात पोचला त्याच सकाळी, ती गेली.

बाराव्याला भाऊबंद जमले. कुणीतरी विचारलं, हाडाच्या दुखण्यानं माणूस मरतं कसं? धाकू खाली बघत म्हणाला, "वयनीनं आदल्या रातीचा भात भरला असंल. मी काय वास घेत बसू?"

"भावजी, देवाला स्मरून बोला," काशी म्हणाली. तिचा आवाज चढला तशी भागोजीची आत्या सावित्री कडाडली, "सासूची राख गार व्हायच्या आधी दिराशी भांडतेस? लाज नाय?"

काशी उठून गोठ्यात गेली. भागोजी मागोमाग आला.

"मला ठाऊक हाय सगळं," तो हळूच म्हणाला. "गोदाबायनं मलापण सांगितलान."

काशीला एकदम हायसं वाटलं. "मग चला ना! आत्या बसल्यात, माणसं हायत. एकदाच बोला."

भागोजी हलला नाही. "धाकूचं लगीन व्हायचंय. आयशीला मारलान म्हटल्यावर त्याला पोरगी कोण देईल? तू काय, परघरची. लोक चार दिवस बोलतील नि विसरतील."

काशी वळली. मग तिनं गाईपुढे पेंढा टाकला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

भागोजी मुंबईला गेला. लोक विसरले नाहीत. वाडीत कुठं पूजा असली की काशीला पाणी भरायला बोलवायचे, चुलीशी नाही. धाकूच्या लग्नात तिनं भांडी घासली. नवी जाऊ मालन वर्षभर गप्प होती. एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जाऊबाय, आईंना तुम्ही शिळं घातलंत म्हणतात. खरं काय?"

"तुझ्या घोवाला विचार."

मालननं विचारलं. धाकूनं काय सांगितलं ते काशीला कळलं नाही, पण त्याच आठवड्यात घरात दुसरी चूल मांडली गेली.

पुढं भागोजी सणाला यायचा तेव्हा कुणाला वाईट वाटू नये म्हणून एक वेळ इकडे, एक वेळ तिकडे जेवायचा. काशी ताट वाढून पडवीत जाऊन बसायची. एकदा आतून त्यानं हाक मारली, "भात झकास झालाय गो!"

"कधीचा हाय ते आधी विचारा," काशी बाहेरूनच म्हणाली.

भागोजी मान खाली घालून जेवत राहिला.