चैत्रातला ओला कापूस

सत्त्याऐंशी साली शिरपूरकडच्या एका गावात जीवराम तारबाबू होता. कापूस सरकारलाच घालायचा असा तेव्हा कायदा होता. तो चोरून गुजरातेत जातो आणि सौदे तारेवर ठरतात, असा पोलिसांना वहीम होता. म्हणून हुकूम आला: ज्या तारेचा अर्थ सरळ लागत नाही, तिची नक्कल फौजदाराला द्यायची.

तेव्हापासून जीवरामला कुठलीच तार साधी वाटेना. ‘आजी अत्यवस्थ’ वाचलं तरी तो समोरच्याचं तोंड निरखून बघे.

चैत्रात गावातल्या झुलाल नावाच्या शेतकऱ्याची बायको वच्छलाबाई आली. सुरतेच्या पत्त्यावर तार होती: ‘कापूस अजून ओला. येऊ नका.’ पंधरवड्याने पुन्हा तीच.

“चैत्रात कसला ओला कापूस, अक्का?”

ती दचकली. “तुम्ही तार करी द्या ना, भाऊ.”

शेतं तर कधीच रिकामी झाली होती. जीवरामने दोन्ही नकला फौजदाराला दिल्या.

दुसऱ्या दिवशी जीप झुलालच्या अंगणात. फौजदाराने चारचौघांत तारा वाचल्या, पत्ताही वाचला, घर उपसलं. कापसाचं बोंडही निघालं नाही. झुलाल मात्र बायकोकडे बघत राहिला. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी पुष्पा परजातीच्या मुलाबरोबर निघून गेली होती. ‘सापडली की तोडीन,’ असं तो उघड बोलायचा. न वाळलेला कापूस म्हणजे आपला राग, हे त्याला तिथंच उमगलं.

तो दुपारच्या एसटीने सुरतेला निघाल्याचं जीवरामच्या कानावर आलं. त्याने कोणाला न विचारता वच्छलाबाईच्या नावाने त्याच पत्त्यावर तातडीची तार ठोकली: ‘बाप निघाला. घर सोडा.’

तिसऱ्या दिवशी झुलाल हात हलवत परतला. सुरतेतल्या खोलीला कुलूप होतं.

वच्छलाबाई ऑफिसात आली. “मनी पोर आते कोठे शे, मालेबी माहीत नही.”

जीवरामने खाली मान घालून आपण केलेल्या तारेचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

“त्या तारनी नक्कल कोनले दिधी?”

“कोणालाच नाही, अक्का. शपथ.”

तिला ते पटलं नाही. पुष्पा सुखरूप असल्याचं जीवरामला चार महिन्यांनी कळलं, तेही वच्छलाबाईच्या बहिणीकडून. वच्छलाबाई तार करायला आता एसटीने थेट दोंडाईच्याला जाई.