अभ्यासिकेचा प्रोसेसर

तुमच्या वाडीतली तेरा-चौदा वर्षांची मुलगी शेवटची कधी खेळली, सांगता येईल? मुलगा नव्हे, मुलगी. घाई नाही, आठवून सांगा.

हा प्रश्न मला एका प्रोसेसरमुळे पडला.

पालीच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. विहाराला लागून एक खोली आहे, तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने तिथे कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. कोणता घ्यायचा ते बघण्याचं काम माझ्यावर आलं, कारण वाडीत सगळ्यात जास्त प्रश्न मी विचारते. वाडीच्या कमिटीचे अध्यक्ष माझे बाबा, निवृत्त शिक्षक. त्यांनी एकच अट घातली, "अभ्यासासाठी. गेम नकोत."

आता चूक बाबांचीच आहे. त्यांनी जयंतीच्या सभांवरून आणलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. गुलाबी, पिवळे कागद, बोटांना लागणारी शाई. पत्रक आधी प्रश्न विचारतं, मग कारण सांगतं आणि शेवटी तुम्हाला काहीतरी करायला लावतं. असं वाढलेल्या पोरीला अट घातली की तिच्या तोंडून पहिलं 'का?' येणारच.

माझ्याकडे कारणही होतं. वाडीच्या वर सडा आहे, जांभ्याचा सपाट माळ. तिथे आम्ही सगळी पोरं क्रिकेट खेळायचो. माझी चुलत बहीण डावखुरी. तिने फटका मारला की चेंडू शोधायला खाली काजूच्या बागेत उतरावं लागायचं. मी तिच्याहून मोठी, पण मला कधी नीट बॅट धरता आली नाही, म्हणून मला थांबवायची कुणाला गरजच पडली नाही. ती वयात आली आणि सड्यावर दिसेनाशी झाली. बंदी कुणीच घातली नाही. फक्त खेळाच्या वेळेलाच तिला घरातून हाका यायला लागल्या. आता ती बारावीला आहे. अभ्यासिकेत येते, पुस्तक उघडते आणि सड्यावरून येणारा आरडाओरडा ऐकत बसते. कॉम्प्युटर येतोय हे कळल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्यावर क्रिकेट खेळता येईल?"

रत्नागिरीतल्या दुकानदाराने 'गेम' हा शब्द ऐकताच वेगळं ग्राफिक्स कार्ड समोर ठेवलं. पंखे लावलेलं, विटेएवढं. कोटेशनमध्ये ओळ आली, 'गेमिंग कार्ड'. बाबांनी बैठकीत ती वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि सरळ काट मारली. किंमत बघता मलाही भांडता येईना.

पण मग मला कोडं पडलं. कार्ड नसेल तर पडद्यावर चित्र काढतं कोण? दुसऱ्या खेपेला मी दुकानदाराला हेच विचारलं.

"प्रोसेसरच काढतो की, ताई. काहींच्या आतच ग्राफिक्स असतं."

"काहींच्या म्हणजे?"

"सगळ्यांच्या नाही. हा बघा. स्वस्त आहे, पण नावाच्या शेवटी हे अक्षर आहे ना, त्याचा अर्थ आत चित्राची सोय नाही. कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच. लोक स्वस्त म्हणून नेतात आणि मग फोनवर माझा उद्धार करतात."

त्याने आणखी दोन डबे उघडले. एक नवा, हिशेबाच्या कामात जोरदार, पण आतलं ग्राफिक्स जेमतेम. दुसरा थोडा जुना, कामात जरासा मागे, पण चित्रात पुढे. मी दुसरा तळहातावर घेऊन बघितला. बिस्किटाएवढा चौकोन, आणि त्यात हिशेबाचं आणि चित्राचं अशी दोन बिऱ्हाडं!

"यावर क्रिकेट चालेल?"

"चालेल. गाड्यांची रेसही चालेल. सेटिंग खाली ठेवायचं. नवे, जड गेम मागू नका, ते रडवतात. आणि रॅमची एक मोठी पट्टी घेऊ नका, दोन लहान घ्या. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. एका पट्टीवर दोघं अडून बसतात."

एसटीत बसून मी यावर बराच वेळ विचार करत राहिले. एकाच पाणवठ्यावर दोघांचा हक्क, ही गोष्ट आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

रविवारी वंदनेनंतर बैठक झाली. नव्या कोटेशनमध्ये कार्डाची ओळ नव्हती. मी गप्प राहिले असते तर कुणाला काहीच कळलं नसतं. पण बाबांनी विचारलं, "आता गेम चालणार नाहीत ना?"

"चालतील, बाबा."

"कार्ड तर काढलं!"

"चित्र आता प्रोसेसरच्या आतच आहे. दुसरा एक प्रोसेसर आहे, अभ्यासाला तोही पुरेल, पण त्यावर गेम अडखळतील. कुठला ते बैठकीने ठरवावं."

"आणि तू हाच का निवडलास?"

मग मी सगळ्यांना तोच प्रश्न विचारला, जो वर तुम्हाला विचारला. सड्यावर मुलगी शेवटची कधी खेळली? मग कोपऱ्यातून एक दादा म्हणाला, "पोरींना अडवलंय कोणी? जावं की."

"जावं की म्हणे!" मागून काकी, माझ्या चुलत बहिणीची आई, उसळली. "आणि सांजच्या भाकऱ्या तू येतोस काय रे थापायला?"

बायका खो खो हसल्या. दादा चपला शोधायला लागला.

"भावोजी," काकी बाबांना म्हणाली, "तो खेळाचाच घ्या."

बाबांनी कोटेशनवर सही केली. मग म्हणाले, "ठराव लिहा. संध्याकाळची पहिली पाळी मुलींची. पण अभ्यास बुडाला तर मी परत काट मारीन."

"मारा," काकी म्हणाली. "कार्डाची ओळ शोधा आधी."

कॉम्प्युटर आला. पहिली पाळी माझ्या चुलत बहिणीला मिळाली. सेटिंग खाली असल्याने प्रेक्षक ठोकळ्यांसारखे दिसत होते, पण खेळ कुठे अडत नव्हता. पडद्यावरचा फलंदाज उजव्या हाताचा होता. तिने खेळ सुरूच केला नाही. सगळे पर्याय धुंडाळून आधी डावखुरा शोधून काढला. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. पुढचे काही फटके मात्र बसले. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"चांगलंय," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पण चेंडू शोधायला खाली उतरावं लागत नाही."



आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे आता आवाहन. तुमच्या वाचनालयासाठी कॉम्प्युटर घ्याल तेव्हा दुकानात विचारा, याचा प्रोसेसर स्वतः चित्र काढतो का. रॅमच्या दोन पट्ट्या घ्या. पहिली पाळी मुलीला द्या. आणि या आठवड्यात एका संध्याकाळी भाकऱ्या तुम्ही थापा, तिला सड्यावर जाऊ द्या.